भोईरांचा पिटबुल

"डॉक्टर, एवढंच लिहून द्या की हा पिटबुल आहे," सोसायटीचे सेक्रेटरी सबनीस म्हणाले. ते माझ्या सीवूड्सच्या क्लिनिकच्या दाराबाहेरूनच बोलत होते. आत यायची त्यांची तयारी नव्हती. पिटबुल आत होता, भोईरांच्या आईच्या पदरात तोंड खुपसून बसलेला.

झालं होतं असं. काही जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालणारं एक सरकारी पत्रक निघालं आणि कोर्टात अडकलं. व्हॉट्सअॅपवर मात्र ते सुसाट सुटलं. ते वाचून सबनीसांनी भोईरांना नोटीस धाडली, कुत्रा हलवा. सोसायटीला असं करता येत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. "कुत्रा पाळा हो, पिटबुल नको," हे त्यांचं पालुपद. शेवटी ठरलं, जात मी सांगायची आणि ती दोघांनी मानायची.

रमाकांत भोईर मूळचे तळवलीचे, टेम्पोचा धंदा. म्हातारीला फ्लॅटमध्ये करमेना म्हणून त्यांनी पिल्लू आणलं, पिटबुलच्या भावात. नाव ठेवलं किलर. दारावर पाटी लावली, 'सावधान, पिटबुल'.

मी किलरला टेबलावर घेतलं. पिटबुलचं डोकं रुंद असतं, जबडा गालातून फुगलेला. याचं तोंड निमुळतं आणि शेपटी चकलीसारखी पाठीवर वळलेली. कान तेवढे विकणाऱ्याने कापून आखूड केलेले. हा प्रकार बेकायदा आहे आणि दरवेळी माझं डोकं फिरतं.

"भोईर, हा गावठी आहे."

भोईरांचा चेहरा पडला. "मॅडम, नीट बघा. त्यानं आईबापाचे फोटो दाखवलेले."

"फोटो खरे असतील. पिल्लू दुसऱ्याचं आहे."

"मग मिक्स लिवा. थोडा तरी पिटबुल."

"थोडा लिहिला तरी सबनीस त्याला बाहेर काढतील."

"काढणारच," सबनीस दाराबाहेरून म्हणाले.

"गावात काय तोंड दाखवू? भाच्याच्या हळदीला डीजेसमोर मिरवलाय मी याला."

मला खरंच राग आला. घरातलं जनावर चाललंय आणि याला हळदीची पडलीय.

तेवढ्यात म्हातारी बोलली. "रमाकांत, तुला पिटबुल पायजे तं दुसरा आन. यो माजा बाल्या हाय. यो गेला तं मी पन तलवलीला चालली. अकराव्या माल्यावर दिसभर भिंतीशी बोलू काय?"

भोईरांनी त्या वळलेल्या शेपटीवरून एकदा हात फिरवला. मग ऑपरेशनला संमती द्यावी तशा आवाजात म्हणाले, "लिवा मॅडम. गावठी लिवा."

मी लिहून सही केली. कागद घ्यायला सबनीस पहिल्यांदा आत आले. किलरने त्यांचे बूट हुंगले आणि पोट वर करून आडवा झाला. सबनीस खाली वाकून त्याचं पोट खाजवू लागले. "मला आधीपासून वाटतच होतं," म्हणाले.

पुढे लस द्यायला मी भोईरांच्या घरी गेले. दारावरची पाटी उतरली होती. म्हातारी बाल्याला सुके बोंबील भरवत होती. सोफ्यावर गावचे पाहुणे, आणि भोईर त्यांना सांगत होते, "ओरिजिनल गावठी हाय. पिटबुल काय, कुठं पन भेटतो. असा आता भेटत नाय."

या प्रकरणानंतर मी एक नियम घालून घेतला. कुत्र्याची जात सांगायची असली, की आधी मालकाला खुर्चीत बसवायचं.