धाटाच्या मापाची बॅटरी

हिंगोली जिल्ह्यात हट्टी माणसांची टंचाई नाही. टंचाई पाण्याची आणि विजेची आहे, ती मी पत्रकांतून वेळोवेळी जाहीर केलेलीच आहे. पण एका बॅटरीसाठी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ खर्ची घालणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो शिरड शहापूरजवळच्या आमच्या तांड्यावर माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. मी त्यांना काका म्हणतो. सगळा तांडाच म्हणतो. तरुणपणी ते हैदराबादेत एका शौकीन मालकाचे ड्रायव्हर होते. मालक वारले, पोरांनी त्यांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार भंगारात काढली, आणि काका ती घेऊन गावी आले. दोनच माणसांची, लांब नाकाची, कापडी छपराची ती बुटकी गाडी तांड्यावर शिरली तेव्हा कुत्री भुंकायचीसुद्धा विसरली, असं जुने लोक सांगतात.

आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातला. काकांच्या अंगातून तो बैल अजून गेलेला नाही. पोळ्याला ते गाडीला आंघोळ घालत, दिव्यांना बेगड लावत आणि पुरणपोळीचा घास नाकापुढे धरत. तिची बॅटरी मेली तेव्हा त्यांनी दुसरी निवडायला घेतली, तीही बैलबाजाराच्या रीतीने. सीटमागच्या खोबणीत ट्रॅक्टरची बॅटरी मावेना, स्कूटरच्या बॅटरीने इंजिन हलेना. मग खोबणीचं माप जोंधळ्याच्या धाटावर घेऊन, ते धाट काखेत मारून काका औंढ्यापासून सेनगावपर्यंत दुकानं हिंडू लागले. बॅटरी उचलायची, हलवायची, तिला कान लावायचा. औंढ्याचे बॅटरीवाले चाचा त्यांचे जुने दोस्त, तेही वैतागले. "अरे मियाँ, बॅटरी है ये, बैल नहीं!"

"बराबर हाय," काका म्हणाले. "बैल असता तर दात पाह्यले असते. हिची झाकणं उघडा."

मग खांद्यावरचा रुमाल पसरून त्याखाली बोटांनी भाव. चाचाही हसत हात घालायचे. सौदा मात्र होत नसे.

इकडे तांड्याची डीपी, म्हणजे खांबावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून गेली होती. जिल्हा नवा, साहेब नवे, डीपी तेवढी जुनी! विहिरींवरच्या मोटारी बंद, गहू ओंबीवर आलेला. अजून आठवडाभर पाणी मिळालं नसतं तर दाणा भरलाच नसता. मी तीन रंगांची पत्रकं काढली. वीज कचेरीत दर वेळी एकच उत्तर, साहेब दौऱ्यावर! शेवटी धरणं जाहीर केलं, तर आदल्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याने माघार घेतली. लाउडस्पीकर होता, तो चालवायला बॅटरी नव्हती. मी तणतणत काकांकडे गेलो.

"काका, गहू वाळून राहिला, अन् तुमी काहून बॅटऱ्यांना कान लावत बसले?"

"घाई तुला हाय, गाडीला न्हाई," काका म्हणाले. पण उठले, आणि मला घेऊन औंढ्याला गेले. चाचांनी नवीकोरी, धाटाच्या बरोबर मापाची बॅटरी पुढे केली. काकांनी ती बाजूला सारून कोपऱ्यातली जुनी, दुरुस्त केलेली उचलली. माझा संताप संताप झाला. एवढा घोळ घालून हे?

"हिचा दम मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "कुठवर चालंल अन् कुठं बसंल, समदं."

धरण्याच्या दिवशी शेजारच्या सीटवर फेट्याने कर्णा बांधून काका कचेरीपुढे हजर झाले. मी दीड तास भाषण ठोकलं. ऐकतं कोण! माझे आंदोलक गाडीभोवती, शिपाई गाडीभोवती. आणि निषेध असो, 'दौऱ्यावर' असलेले साहेब स्वतः पायऱ्या उतरून गाडीभोवती! बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "काय चीज आहे हो!"

"बसा ना साहेब," काका म्हणाले. कर्णा सोडून माझ्या हातात दिला. शेजारी एकाच माणसाची जागा, तेव्हा साहेबांसोबत ना कारकून ना शिपाई. गाडी भुर्रकन गेली ती थेट आमच्या जळक्या डीपीखाली थांबली. काकांनी इंजिन बंद केलं. मग पुन्हा किल्ली फिरवली तर नुसती टिकटिक.

"बसली साहेब. आमच्या पोराच्या भाषणानं दम खाल्ला तिचा."

"धक्का मारू या की!"

"हिला धक्का? हैदराबादच्या मालकानं कदी मारला न्हाई."

"मग चार्ज करा!"

"करतो की," काका वर डीपीकडे बघत म्हणाले. "लाईट पायजे फक्त."

आम्ही पायी पोचलो तेव्हा साहेब भाकरी खात होते. समोरून डोक्यावर हंडे घेतलेल्या बाया जात होत्या, आणि साहेब मान खाली घालून होते. तिसऱ्या दिवशी नवी डीपी आली. गहू भरला.

आता काकांचे गुडघे गेले. लिंबाखाली उभ्या गाडीत ते नुसतेच बसतात, स्टेअरिंगवर हात ठेवून. यंदा बॅटरी पुन्हा मेली. गाडी कुठे जाणार नाही, हे त्यांना कळतं, मलाही. तरी त्यांनी धाट माझ्या हातात दिलं. पाच मिनिटांत उरकीन म्हणून मी औंढ्याला गेलो. चाचांनी पुढे केलेली बॅटरी उचलली, हलवली. उन्हं कलली तरी मी तिथेच होतो.

"बेटा, दुकान बंद करना है," चाचा म्हणाले.

"घाई तुमाला हाय चाचा, गाडीला न्हाई," मी म्हणालो, आणि दुसऱ्या बॅटरीला कान लावला.