करंगळी

हात मिळवताना तो दुसऱ्या हाताने समोरच्याचं कोपर चाचपायचा. कुष्ठरोगाचा सरकारी तपासनीस तो; कोपरातली नस जाड झाली का, हे बघायची त्याला सवयच जडली होती.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि औशाजवळ दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती. मी तिथे पाण्याच्या मागणीची पत्रकं वाटायचो आणि सह्या घेऊन कलेक्टरकडे पाठवायचो. तो मजुरांना डोळे मिटायला लावून बोटांना पेनाचं टोक टेकवायचा. "कुठं लागलं, दाखवा मावशी." तापल्या दगडाने भाजलं तरी ज्यांना कळत नाही, असे हात तो शोधत होता.

"नशीला बारीक दारं असत्यात," तो सांगायचा. "एक उघडलं की मिठाचे कण आत घुसत्यात, त्या करंटनं शेजारचं उघडतं. अशी खबर मेंदूत जाती. नस खराब झाली की खबर मधीच अडकती. तुमचं पत्रक नव्या कलेक्टर कचेरीत अडकतं तसं!"

मला राग यायचा, तरी मी त्याची वाट बघायचो.

संध्याकाळी त्याची लहानगी लेक यायची आणि करंगळी धरून त्याला घरी न्यायची.

एका दुपारी त्याने पेन माझ्या हाती दिलं, डोळे मिटले आणि हात पुढे केला. मी करंगळीवर टोक टेकवलं. मग दाबलं.

"टेकवा की, राव."

मी पेन उचललं. त्याने डोळे उघडले, निळा ठिपका पाहिला आणि वहीत मजुरांच्या नावांखाली स्वतःचं नाव लिहिलं.

"गोळ्या हायत," तो म्हणाला. "पण लेकीनं बोट धरलंय का सोडलंय, ते खाली बघितल्याबिगर कळंना झालंय."