पाण्याचा कागद

बाबा कंपनीतून निवृत्त व्हायला वर्ष-दीड वर्ष उरलं, तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय होता. नंतर राहायचं कुठे? भांडुपची खोली दादा-वहिनीला ठेवायची हे ठरल्यासारखंच होतं. दादाला एक मूल होतं, दुसरं होणार होतं, आणि माझं कॉलेज संपेपर्यंत मीही त्यांच्यातच राहणार होते. आईबाबांना कुठेतरी गावाकडे जायचं होतं, पण आमच्या स्वतःच्या गावाला नाही. राजापूरकडच्या त्या घरात दोन काकांचे संसार होते आणि बाबांच्या वाटणीला आली होती नुसती पडवी.

"पडवीत पाहुणो बरो दिसता," बाबा म्हणायचे, "मालक नाय."

आईचं म्हणणं वेगळंच होतं. नातवंडांना बघून त्याच दिवशी परत जाता यावं, एवढ्याच अंतरावर तिला जायचं होतं. आणि तिची एक अट होती. जागा कुठलीही बघा, तिथल्या विहिरीचं पाणी घरी आणा. त्या पाण्यात ती तुरीची डाळ शिजवून बघणार. डाळ शिजली तर जागा चांगली.

"नायतर घर कितीव चांगला असूंदे, माका सांगू नका," असं तिनं बजावलं होतं. घरात दोघंही असंच बोलायचे. मी मात्र कॉलेजात जायला लागल्यापासून 'नाय' म्हणायचं सोडलं होतं.

मी तेव्हा मुलुंडच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय रसायनशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे वीज मंडळाचं पत्र असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, ती माझ्यासमोर यायची आणि मी सांगेन ते खरं ठरायचं. कधी कधी मला त्यातलं काहीच कळलेलं नसायचं. तरी मी काहीतरी सांगायचे.

बाबांच्या कंपनीतल्या एका फोरमनच्या आत्याचं घर रिकामं होतं, पालघरच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात. डिसेंबरातल्या एका रविवारी बाबा मला घेऊन ते बघायला गेले. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती आली नाही. बोरिवलीहून एसटीनं आम्ही गेलो. पिशवीत आईनं दोन रिकाम्या बाटल्या दिल्या होत्या. भंगारवाल्याकडून घेतलेल्या त्या ब्रँडीच्या बाटल्या होत्या, कारण त्यांचं बूच घट्ट बसतं. राखेनं घासून घासून तिनं लेबलं काढली होती, पण त्या आकारावरून कुणीही ओळखलं असतं. आमच्या घरात दारूला कुणी शिवत नव्हतं. म्हणूनच की काय, आईबाबांना त्या बाटल्यांचं काहीच वाटत नव्हतं.

घर दोन खोल्यांचं होतं, कौलारू. मागे सहा माड आणि कोपऱ्यात विहीर. बाबांनी भिंती ठोकून पाहिल्या, वासे पाहिले, शेजारच्या माणसाशी भाताच्या पिकावर बोलले. मग मागच्या दारी जाऊन खाडीकडे तोंड करून उभे राहिले. वाऱ्याला चिखलाचा आणि माशांचा वास होता. बराच वेळ ते तिथून हलेनात. मला कळलं, बाबांचं ठरलं.

विहिरीचं पाणी त्यांनी ओंजळीनं प्यायलं. मीही प्यायले. चव जरा मचूळ होती, पण खारट म्हणावी अशी नव्हती. दोन्ही बाटल्या भरून आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी आईनं स्टोव्हवर आधी नळाच्या पाण्यात मूठभर डाळ लावली. ती उतरवून मग त्या पाण्यात मूठभर, तेवढाच वेळ. नळाच्या पाण्यातली गळून गेली. त्या पाण्यातले दाणे नुसते फुगले. आईनं एक दाणा बोटांत धरून दाबला. तो मोडला, पण आतून पांढरा आणि कडकच होता. तिनं अजून थोडं पाणी घालून डाळ पुन्हा शिजवली. पुन्हा तेच.

"ह्या पाण्याचा काय खरा नाय," ती म्हणाली.

बाबांचा चेहरा उतरला. "डाळ रेशनची. तिचा तरी काय खरा?"

"नळाच्या पाण्यात कशी शिजली ती?"

बाबा माझ्याकडे वळले. "बाय, तुमच्या कॉलेजात पाणी तपासतत ना गो?"

तपासत होतो. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातले क्षार, मोजायचा प्रयोग आमचा त्याच महिन्यात झाला होता. थेंब थेंब द्रावण सोडायचं, लालसर रंग निळा झाला की थांबायचं आणि आकडा लिहायचा. मी हो म्हटलं. दुसरी बाटली माझ्याकडे आली. आईनंही मान हलवली. "तपासून घे. काय ता एकदा कळांदे."

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला मी पिशवीतून बाटली काढून टेबलाखालच्या फळीवर ठेवली. मॅडमना कसं विचारायचं याची वाक्यं मी सकाळपासून मनात जुळवत होते. इंग्रजीत विचारावं की मराठीत, हेच ठरत नव्हतं. माझी पार्टनर मुलुंडचीच, बँकेतल्या साहेबांची मुलगी. तिनं मला पार्टनर म्हणून घेतलं याचाच मला फार अभिमान होता. तिचं लक्ष बाटलीकडे गेलं.

"अगं ए, हे काय? सकाळी सकाळी?" तिनं बाटली उचलून सगळ्यांना दाखवली. "बघा ना, आमची पार्टनर तर झकास निघाली यार!"

सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मी "पाणी आहे गं" म्हटलं असतं तर तेही हसून संपलं असतं. मागून कुणीतरी म्हणालं, "भांडुपचा माल दिसतोय." तेवढ्यात मॅडम वळल्या.

"काय चाललंय? कुणाची बाटली ती?"

"माझी नाही, मॅडम," मी म्हणाले.

पार्टनर माझ्याकडे बघतच राहिली.

"मग ओत बेसिनमध्ये, आणि बाटली शिपाईमामांकडे दे."

मी ती ओतली. मॅडम चांगल्या होत्या. गावच्या विहिरीचं पाणी आहे, आईवडिलांना तिथे राहायचं आहे, असं सांगितलं असतं तर त्यांनी बाजूला उभं राहून तपासून घेतलं असतं. हे मला ओततानाही माहीत होतं. बाटली रिकामी व्हायला बराच वेळ लागला. एकदा थांबून मी वर पाहिलं, पण मॅडम दुसऱ्या टेबलाकडे गेल्या होत्या. मग मी उरलेलंही ओतलं.

घरी येताना मी ठरवलं होतं, बाटली फुटली म्हणून सांगायचं. तेही खोटंच, पण लहान. घरी पोचले तर बाबा चाळीच्या कट्ट्यावर बसले होते आणि शेजारचे दोघं त्यांच्याबरोबर होते.

"इली बघा आमची बाय. आता कळतला. काय गो? पास की नापास?"

तिघं माझ्याकडे बघत होते. बाबांनी असं बघितलं की माझ्या तोंडून 'मला माहीत नाही' कधी निघालंच नव्हतं.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"बाटली खय?"

"ती तिथेच ठेवून घेतात."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "लिहून दे माका. तुझ्या आयेक दाखवतंय."

मी जर्नल काढलं. वर्गात आम्ही नळाचं पाणी तपासलं होतं, त्याचा आकडा त्यात होता. तो मी कोऱ्या कागदावर उतरवला, वर नाव घातलं 'विहिरीचे पाणी', खाली 'मृदू, पिण्यायोग्य' असं लिहून लाल शाईनं रेघ ओढली. अक्षर मी मुद्दाम सुबक काढलं होतं. अर्धा कच्चा दाणा मी आदल्याच दिवशी पाहिला होता. कठीण पाण्यात डाळी नीट शिजत नाहीत हे वाक्य नववीच्या पुस्तकात होतं, परीक्षेत ते लिहून मी गुणही घेतले होते. तरी मी मनाला सांगत होते की आईची डाळ म्हणजे काही शास्त्र नाही. खरं तर माझ्या कागदाचंच शास्त्राशी काही नातं नव्हतं.

आईनं कागद हातात घेतला. तिला तो वाचता येत नव्हता. तरी तिनं तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि माझ्याकडे पाहून हसली. तिला फार बरं वाटलेलं दिसत होतं.

"मगे डाळच जुनी असतली," ती म्हणाली.

बाबा निवृत्त झाले, मिळालेल्या पैशांत ते घर विकत घेतलं आणि मे महिन्यात ते दोघं तिकडे राहायला गेले.

पत्रं बाबा लिहायचे. माडांविषयी, शेजाऱ्यांविषयी, मासळी किती ताजी मिळते त्याविषयी. पाण्याचा उल्लेख नसायचा. मी तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासाचं कारण सांगून पाच महिने गेले नाही. दिवाळीत मात्र जावंच लागलं.

सकाळी उठले तर आई घरात नव्हती. बाबा म्हणाले, पाण्याला गेलीय. मला वाटलं मागच्या विहिरीवर. तिथे ती नव्हती. विहिरीच्या काठावर क्षारांचं पांढरं पूट चढलं होतं, आणि मी साबण लावून पाहिला तर फेस न येता हाताला चिकट थर बसला. शेजारच्या बाईनं गावाच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. देवळाजवळ गोड्या पाण्याची विहीर होती. मी चालत गेले. चांगलं लांब होतं आणि शेवटी चढ होता. आई तिथे होती. डोक्यावर चुंबळ, समोर दोन कळशा. गावातल्या तिघी-चौघी बायका होत्या.

"हीच का तुमची मुंबईची मुलगी?" एकीनं विचारलं. मग हसत म्हणाली, "बघ गं बाई, आईला काय लांब चालवता! आत्याबाईंच्या विहिरीत खाडी उतरते, शेंबड्या पोरालासुद्धा माहितीये. घर घेताना कुणाला विचारलं नाही?"

"विचारलं होतं," आई म्हणाली. त्या बायकांशी ती जपून, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होती. "माझ्या लेकीनं कॉलेजात तपासून घेतलं होतं. तेव्हा पाणी चांगलं होतं. मागाहून बिघडलं."

"अगं बाई, असं झालं का," ती बाई म्हणाली, आणि बाकीच्या एकमेकींकडे बघून आपापल्या कळशा भरू लागल्या.

एक कळशी मी घेतली. परतताना आई एक पाय जरा ओढत चालत होती. मधे एका बांधावर ती टेकली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मुलुंडची पार्टनर, मॅडम, बेसिन, नळाच्या पाण्याचा आकडा. सांगताना मी रडले नाही. रडले असते तर तिनं मला जवळ घेतलं असतं, आणि ते मला नको होतं.

आई माझ्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"दाणो माझ्या हातात होतो गो," ती म्हणाली. "ह्या दोन बोटांनी दाबून बघितलंय. कच्चो होतो. तरी मी तुझा ऐकलंय."

मी म्हणाले, "आई, मी बाबांना सांगते."

"नको." आता ती माझ्याकडे वळली. आवाजात राग होता, तो तिनं लपवला नाही. "साऱ्या गावात सांगत फिरतत ते, आमच्या बायनं पाणी तपासलेला. आता या वयात त्यांका दुसरा घर देतलंस तू? नाय ना? मगे गप रव. मी चलतंय."

ती उठली. माझ्या कमरेवरची कळशी तिनं काढून घेतली आणि दुसऱ्या हातात धरली. मी मागितली तर दिली नाही. तिच्या मागून रिकाम्या हातांनी मी घरापर्यंत चालत आले.

घरी बाबांबरोबर शेजारचे गृहस्थ बसले होते. त्यांना वाडीत नवी विहीर खणायची होती. मी येणार हे कळल्यापासून बाबांनी त्यांना थांबवून ठेवलं होतं.

"ये गो, बस," बाबा म्हणाले. मग त्यांच्याकडे वळून, "हिला विचारा काय विचारायचं ते. ही पाण्याचीच शिकलीय."

ते बिचारे सरसावून बसले. वाडीचा पूर्वेचा कोपरा बरा की चिंचेखालचा? कुठे पाणी गोड लागेल? आई आत कळशा उतरवत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "जागा बघून मला नाही सांगता येत. गावातल्या बायकांना विचारा. त्यांना माहीत असतं."

ते गृहस्थ गोंधळून बाबांकडे बघायला लागले. बाबा हसले आणि शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून समजूत घालावी तसं म्हणाले, "शेवटचं वर्ष बाकी आहे अजून तिचं. ते झालं की सांगेल."