हुकूम की विनंती?

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि माझं नवं पोस्टिंग झालं चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर, सिक्युरिटी इन्चार्ज म्हणून. हाताखालच्या गार्डांत नायक खरात माझ्याच पलटणीतला. मूळचा पाचोडचा, राहायला मुकुंदवाडीत.

पलटणीत लस म्हणजे परेड. फॉल-इन, बाही वर, पुढं चल. कशाची सुई, हे विचारायची पद्धत नव्हती. खरात तर सुई टोचून घेताना डॉक्टरलाच डोळा मारायचा.

कारखान्यात फ्लूच्या लसीची नोटीस लागली: ‘सर्व कर्मचाऱ्यांना विनंती’. आता बोला! साऱ्या नोकरीत मला कुणी विनंती केली नव्हती. कॅन्टीनमध्ये चर्चा रंगली. कुणाला तापाची भीती, कुणाला खाडा पडायची. बाकीचे एकमेकांकडं बघत होते. शेवटी क्रेन चालवणारे शेखभाई, पैलवान गडी, बाही सरसावून पुढं झाले आणि सुई बघूनच आडवे पडले. मागची रांग क्षणात पांगली. मीही पोट धरून हसलो.

मग खरातला बोलावलं.

“खरात, घेऊन टाक.”

“हुकूम हाय का इनंती, साहेब?”

“विनंती.”

“मग ऱ्हाऊ द्या. रविवारी भाचीचं लगीन हाय. ताप आला तर नाचंल कोण?”

लग्नात तो लई नाचला म्हणे. पुढं लस राहूनच गेली. दोनेक महिन्यांनी ताप, खोकला घेऊन तसाच ड्यूटीवर आला. दुपारी वॉकीटॉकी खरखरला.

“गेट टू. रिलीफ पाठवा. ओव्हर.”

खरातनं रिलीफ, म्हणजे बदली गार्ड, मागितलेला मी कधी ऐकला नव्हता. मी धावलो. तो खुर्चीत धापा टाकत होता. दवाखान्यात फ्लू निघाला, पाठोपाठ न्यूमोनिया. आठवड्यात तो गेला.

फोन आला तेव्हा मी दोनदा विचारलं, कोणता खरात? बर्फात, गोळीबारात ज्याला ओरखडा आला नाही, तो फ्लूनं? लस घेतली असती तर? डॉक्टर म्हणाले, वाचण्याची शक्यता वाढली असती. त्याहून जास्त ते बोलले नाहीत.

यंदाही नोटिशीत विनंतीच आहे. हुकूम द्यायचा अधिकार मला नाही. पलटणीच्या शहिदांची नावं मी रोज सकाळी गेटवर गार्डांच्या फॉल-इनला घेतो. त्यांत आता शेवटी नायक खरात. कशानं गेला, तेही सांगतो.