दानूताईंकडे जाताना काय न्यायचं?

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधली आम्ही चार-पाच मराठी घरं एकत्र जमलो, की पोह्यांच्या दुसऱ्या राउंडला दानूताईंचा विषय निघतोच. एकाने सुरुवात केली की दुसरा म्हणणार, "ते काहीच नाही, माझं ऐका!" असं करत करत एवढं साठलंय, की आता कुठला किस्सा कोणाचा यावरून भांडणं होतात.

दानूता आमच्या लॅबमधल्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. मूळच्या पोलंडच्या. लॅबमध्ये कोणी नवीन भारतीय आला, की त्याला रविवारी घरी जेवायला बोलावणार म्हणजे बोलावणार! दानूताची दानूताई व्हायला आम्हाला आठवडाही लागला नाही. त्यांच्या नवऱ्याचं नाव झ्बिग्न्येव्ह. ते कोणालाच उच्चारता येईना, म्हणून ते झिबूकाका. आता प्रश्न एकच, पोलिश घरी जाताना न्यायचं काय?

श्रीगणेशा मीच केला. नोव्हेंबर महिना, बाजारात सगळीकडे शेवंती! मी नाशिकची, माझा जीव लगेच गलबलला. चांगली बारा फुलांची जुडी घेतली. दानूताईंनी दार उघडलं, फुलांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

त्यांच्यात शेवंती फक्त कबरीवर वाहतात. त्यात सम आकडा, तोही गेलेल्या माणसासाठीच! मला वाटलं, धरणी दुभंगावी. पण त्यांनी हसत मला आत ओढलं. "टाकून कशाला द्यायची? उद्या सासूबाईंना नेऊन देते. त्यांना नक्की आवडतील."

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

मग केदारचा नंबर लागला. केदार हायडेलबर्गला पीएचडी करतो, प्रयोगांसाठी आमच्या लॅबमध्ये येतो. त्याला मी बजावलं, "फुलं विषम आकड्यात ने." तो म्हणाला, "सोप्पंय! आपल्याकडे नाही का, अकरा, एकवीस, एकशे एक?" आणि पठ्ठ्या अकरा लालभडक गुलाब घेऊन गेला!

दार झिबूकाकांनी उघडलं. त्यांनी गुलाबांकडे बघितलं, केदारकडे बघितलं आणि आत वळून आवाज दिला, "दानूता, तुझ्यासाठी कोणीतरी आलंय. मी थांबू की बाहेर जाऊ?"

पुढच्या वेळी केदारने फुलांचा नादच सोडला. पोलिश माणसाला पोलिश व्होडका, यात काय चुकणार? चांगली महागातली बाटली नेली. आता झिबूकाकांनी दारू सोडून जमाना झालेला, हे त्याला कोण सांगणार? काकांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, लेबल वाचलं, मनापासून आभार मानले.

महिन्याने केदार परत गेला, तर काका त्याला हाताला धरून खिडकीपाशी घेऊन गेले. "बघ! काचा इतक्या लख्ख कधीच निघाल्या नव्हत्या!"

आमच्या ओवीचं तर विचारूच नका. सहा वर्षांची, घरात मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिच्या हातात मी चॉकलेटचा मोठा डबा दिला होता. दानूताई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "अगं, कशाला आणलंस? काही गरज नव्हती!"

ओवीने मान डोलावली, "गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर!' म्हणाली, सोफ्यावर जाऊन बसली आणि डबा उघडून खायला लागली!

मग सांगलीहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांनी येताना भडंग आणलं होतं, त्यातला एक डबा दानूताईंसाठी. दार उघडलं, दानूताईंनी हात पुढे केला, आणि आईंनी डबा मागे घेतला. "उंबऱ्यावरून देऊ नये." त्याच क्षणी दानूताईंनीही हात झटकन मागे घेतला आणि पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "दारातून देणंघेणं नको, अशुभ असतं आमच्यात."

मी आईंना मराठीत सांगितलं. आईंचा चेहरा असा खुलला! "बघ! हिला न सांगता कळतं. तुला मी दहा वर्षं सांगतेय!"

आणि आता मृणालचा किस्सा.

मृणाल लॅबमध्ये नवीन लागलेली. भिडस्त पोरगी. दानूताईंनी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा काहीतरी कारण सांगून तिने टाळलं. काय न्यायचं याच्या आमच्या कहाण्या ऐकूनच ती धास्तावली होती!

चोवीस डिसेंबरला ती मुंबईला निघाली होती. फ्रँकफर्टला बर्फामुळे विमान रद्द झालं. बॅगा विमानतळावर अडकल्या. खोली महिन्याभरासाठी दुसऱ्या मुलीला दिलेली. मी तेव्हा नाशिकला होते, मला रडत फोन केला.

"सरळ दानूताईंकडे जा," मी म्हटलं.

"आज? न सांगता? आणि रिकाम्या हाताने?"

दानूताईंना फोन लावला तर त्या उचलेनात. मृणाल ट्रेनने लुडविग्सहाफेनला पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. नाताळची आदली संध्याकाळ, सगळी दुकानं बंद. स्टेशनबाहेरचा फुलवालासुद्धा दुकान गुंडाळून घरी गेलेला. शेवटी गेली तशीच.

दानूताईंनी दार उघडलं. मृणालने वाटेत जर्मनमध्ये चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. एवढंच म्हणाली, "सॉरी, मी काहीच आणलं नाही."

त्यांनी तिला हाताला धरून आत घेतलं. टेबलावर पांढरंशुभ्र कापड, मेणबत्ती, गरम बीटाच्या सूपचा वास. घरात माणसं दोन, आणि ताटं तीन.

"तुमच्याकडे कोणी येणार आहे का?" मृणाल थबकली. "मग मी जाते. हॉटेल बघते."

"या दिवशी आम्ही एक ताट जास्तीचं मांडतो," दानूताई म्हणाल्या. "न सांगता येणाऱ्या पाहुण्यासाठी. माझी आई मांडायची, म्हणून मीही लग्न झाल्यापासून मांडतेय. पण कधी कोणी आलंच नाही गं."

झिबूकाका उठले. त्यांनी तिसरी खुर्ची मागे ओढली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मृणालला म्हणाले,

"छत्तीस वर्षं! जरा उशीरच केलास."