पडद्यावरचा जोहार

"अजून काळी कर तिला," दिग्दर्शक म्हणाला.

मेकअपवाल्यानं माझ्या तोंडावर आणखी काळा रंग थापला. मी मुळात चांगली काळी आहे. तरी त्यांना कमीच पडलं.

शूटिंग आमच्या लोणीजवळच्या माळावर होतं. पिक्चर हेरगिरीचा आणि प्रेमाचा. नायक गुप्तहेर, नायिका शत्रूची गुप्तहेर. दोघं आमच्या गावात लपतात आणि प्रेमात पडतात. मी पुण्यात नाटकं केलेली. ऑडिशन दिली ती पोलीस इन्स्पेक्टरच्या भूमिकेसाठी. निवड झाली, घरी पेढे वाटले. चुलत बहीण खरीच पोलिसात आहे, तिच्याकडून सॅल्यूट घोटून घेतला.

सेटवर गेले, तर माझी वर्दी मुंबईच्या एका गोऱ्या मुलीच्या अंगावर.

"तुझा चेहरा अधिकाऱ्याचा वाटत नाही गं," दिग्दर्शक गोड आवाजात म्हणाला. "तू खबऱ्याची बायको कर. तुला ते नैसर्गिक जमेल."

नैसर्गिक. तो शब्द मी गिळला. पहिला पिक्चर होता. पडद्यावर दिसायची भूक वाईट.

आजीला मुद्दाम आणलं होतं. पांढरं लुगडं नेसून ती कॅमेऱ्यामागं खुर्चीत बसलेली. ऐटीत. नात पिक्चरमध्ये होती ना.

मग सहायकानं मला वाक्य वाचून दाखवलं. कसं वाकायचं, तेही करून दाखवलं. नायकाच्या बुटांवर डोकं ठेवायचं आणि म्हणायचं, "जोहार मायबाप, जोहार."

आमच्या वस्तीत हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. बौद्ध झालो तेव्हाच तो वेशीबाहेर टाकला. आमचं लेकरू बोलायला लागलं की आधी जय भीम शिकतं. यांनी तो कुठल्याशा पुस्तकातून उकरून आणला. आजच्या, मोबाईलवाल्या पिक्चरसाठी.

आजी उठली. काठी टेकत माझ्याजवळ आली.

"माझा बाप आसंच म्हनायचा," ती म्हणाली. "चावडीम्होरं. वहाणा हातात घिऊन. म्या लहान व्हते, पर इसरले न्हाई."

एवढंच बोलून ती वस्तीकडं निघाली. मागं वळून पाहिलं नाही.

मी दिग्दर्शकाला म्हणाले, हे वाक्य बदला.

"अगं, अस्सल वाटतं ते," तो म्हणाला. "आपण तुमचंच तर दुःख दाखवतोय."

कॅमेरा सुरू झाला. मी नायकासमोर ताठ उभी राहिले.

"जय भीम, साहेब."

कट. पुन्हा.

"जय भीम, साहेब."

तिसऱ्यांदा त्यांनी कॅमेरा लावलाच नाही. मी टँकरच्या नळाखाली तोंड घासून घासून धुतलं. त्यांचा रंग गेला. माझा राहिला.

पिक्चर नारायणगावात लागला. तिकीट काढून पाहिला. जोहार होताच. दुसऱ्या कोणा बाईनं केलेला. वाकलेली पाठ तेवढी दिसते, तोंड दिसत नाही. पुढं नायक-नायिकेच्या मिठीला शिट्ट्या पडल्या. प्रेम करायला ते, पाया पडायला आम्ही.

मला माज आलाय, असं पसरवलं गेलं. कामं कमी झाली. होऊ देत.

आता कोणी काम घेऊन आलं, की मी त्याला आमच्या ओट्यावर बोलावते. पुण्याचा असो नाहीतर मुंबईचा. सगळी गोष्ट आधी आजीपुढं वाचायची, माझ्या वाक्यांसकट. आजी जागची उठली नाही, तरच मी कॅमेऱ्यापुढं उभी राहीन.