रिसीव्हर मी निवडला

पप्पा, म्हणजे माझे सासरे, वसईहून परदेशात आमच्याकडे ओकव्हिलला कायमचे राहायला आले, त्याच वर्षी आम्ही बेसमेंट फिनिश करून घेतलं. नवऱ्याची होम थिएटरची हौस जुनी होती. मोठा टीव्ही आला, भिंतींतून वायरी गेल्या, पाच स्पीकर आणि एक सबवूफर लागला. या सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर मात्र एका मित्राकडून तात्पुरता आणलेला होता. नवा घ्यायचा तो नीट अभ्यास करून, असं नवऱ्याचं म्हणणं.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर जेवून आम्ही खाली सिनेमा लावायचो. पप्पा अर्ध्या तासात उठायचे. पाठ भरून आली म्हणायचे आणि वर जाऊन खिडकीशी बसायचे. आम्ही त्यांच्यासाठी दोनदा खुर्ची बदलली. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या मागोमाग वर गेले आणि खरं काय ते विचारलं. आधी त्यांनी टाळलं. मग हळूच म्हणाले, "माणसं काय बोलतात ते कळत नाय बाय. नुसतं धाडधूड ऐकू येतं. तुम्हाला तरी सारखं काय विचारू?"

कानात ऐकण्याचं मशीन होतं, तरीही ही अवस्था. मला स्वतःचाच राग आला, कारण ऐकणं हा माझा धंदा आहे. वीस वर्षं मी घरून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करते. डॉक्टर घाईघाईत, कधी गाडी चालवता चालवता रिपोर्ट बोलून ठेवतात आणि मी हेडफोन लावून ते टाइप करते. औषध फिफ्टीन मिलिग्रॅम की फिफ्टी, हे शब्दाच्या शेपटीवरून ओळखायचं असतं. ती शेपटी वाऱ्यात, हॉर्नमध्ये बुडालेली असली तरी शोधायची असते. आणि माझ्याच घरात एक माणूस सगळ्या शेपट्या हरवून गप्प बसला होता.

नवऱ्याने तोवर लॅपटॉपवर एक भलामोठा तक्ता केला होता. किती चॅनल म्हणजे किती स्पीकर चालतील, किती वॅट, छतात स्पीकर बसवले तर काय. मी त्याला विचारलं की यात बोलणं स्पष्ट ऐकू येण्याचा रकाना कुठला. असा रकाना नसतो, असं तो म्हणाला. त्याची पसंती नऊ चॅनलच्या मशीनवर होती. आमच्या बेसमेंटचं छत उडी मारली तर हाताला लागतं. तिथे छतातल्या स्पीकरसाठी नऊ चॅनल कशाला, हे मला कळेना, पण मी वाद घातला नाही. दुकानात जाऊन ऐकू या, एवढंच म्हटलं.

दुकानातला विक्रेता पिकल्या दाढीचा, अदबीने हिंदी बोलणारा माणूस होता. बोलत मात्र सगळा वेळ नवऱ्याशीच होता. त्याने हेलिकॉप्टरचा सीन लावला. सोफा हलला, नवऱ्याचा चेहरा फुलला. मी विनंती केली की आवाज कमी करून असं काहीतरी लावा, ज्यात दोन माणसं खोलीत बोलताहेत आणि मागे पाऊस किंवा संगीत आहे. असं कोणी ऐकून बघत नाही, असं तो म्हणाला, पण त्याने लावलं. मी डोळे मिटून घेतले.

आवाज ठीक होता, पण बोलणं पावसात बुडत होतं. मी विचारलं, "फक्त माणसांचा आवाज वाढवता येतो का? पाऊस आहे तिथेच ठेवून?"

नऊ चॅनलच्या मशीनमध्ये सोय होती, पण मेनूत इतकी आत की पप्पांना ती कधीच सापडली नसती. दुसऱ्यात आवाज वाढला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तिसरं मशीन साधं, सात चॅनलचं, खालच्या फळीवर होतं. त्याच्या रिमोटवर त्यासाठी वेगळं बटण होतं. ते दाबलं आणि पडद्यावरची बाई जणू पावसातून दोन पावलं पुढे आली. तिचा प्रत्येक शब्द मला लिहून घेता आला असता.

"हाच," मी म्हणाले. नवऱ्याने सोबत आणलेल्या तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर मशीनसोबतचा छोटा माइक पप्पांच्या खुर्चीत त्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवला. मशीन त्यातून खोली ऐकतं आणि स्वतःला जुळवून घेतं. त्यासाठी पूर्ण शांतता लागते, म्हणून भर जानेवारीत घर गरम ठेवणारा फर्नेस बंद केला. जॅकेट घालून तिघेही जिन्यात मुकाट बसलो. स्पीकर एकेक करून शिट्ट्या वाजवत राहिले.

तरी बोलणं घुसमटलेलं येत होतं. परत करू या का, असं नवऱ्याने विचारलं. मी टीव्हीसमोर जमिनीवर आडवी झाले आणि पाहिलं, तर ज्यातून माणसं बोलतात तो मधला स्पीकर कपाटात आत ढकललेला आणि आमच्या गुडघ्यांकडे तोंड करून होता. तो पुढे ओढला, खाली दाराचे दोन रबरी स्टॉपर सरकवून तोंड वर केलं. पुन्हा फर्नेस बंद, पुन्हा जिना, पुन्हा शिट्ट्या.

त्या रविवारी एक जुना मराठी सिनेमा लावला. अर्धा तास झाला, एक तास झाला, पप्पा हलले नाहीत. शेवटी नायिका दाराशी मोलकरणीजवळ काहीतरी पुटपुटते आणि निघून जाते. नवरा म्हणाला, तिने नायकाला माफ केलं.

"माफ नाय केलं," पप्पा म्हणाले. "ती म्हणाली, 'माफ केलं असं सांग त्यांना.' सांग म्हणाली. केलं नाय."

नवऱ्याला पटेना. त्याने सीन मागे नेला. बाई पुटपुटली आणि पप्पा बरोबर निघाले, शब्दन्‌शब्द. ज्या माणसाला महिनोन्‌महिने सिनेमातलं बोलणं कळत नव्हतं, त्याने कुजबुज पकडली होती, आणि नेमकी आम्हा दोघांकडून निसटलेली. मी टाळ्या वाजवल्या, अगदी लहान मुलीसारख्या.

चहा ठेवायला वर आले, तर खालून बापलेकांचा वाद ऐकू येत होता. ती खोटं का बोलली असेल, यावरून. पप्पांचा आवाज चढला होता. मी गॅस बारीक केला आणि चहाला मुद्दाम वेळ लावला.